घोड्यांनी खाल्लं काय?

१/
आजचा धागा लांब आहे. विषय ऐकायला किरकोळ वाटेल : कल्पित राज्यांतल्या साहसकथा खेळताना आपल्या घोड्यांच्या चंदी-वैरणीचा हिशेब ठेवावा का? मीही तो किरकोळच समजत होतो. एका रविवारी माझ्या मावसबहिणीने एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी शिवकाळातल्या एका पत्रापर्यंत जाऊन पोहोचलो.

२/
आम्ही पाच जण दर रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला हा भूमिकांचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो आणि कल्पित जगाचे वर्णन करतो. बाकीचे त्या जगातली एकेक पात्रे होऊन काय करायचे ते सांगतात. यश की अपयश, ते फासे ठरवतात. आमच्यात सूत्रधार मी.

३/
त्या दिवशी चार स्वार आणि सामानाचे एक खेचर असा जथा उत्तरेकडचा घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात निघाला होता. मधल्या वाटेवर माझ्याकडे कथा नव्हती. म्हणून मी म्हणालो, "बारा दिवसांनी तुम्ही घाटापलीकडे उतरता." तिघांनी माना डोलावल्या. चौथी, माझी मावसबहीण, नुकतीच आमच्यात आली होती. माण तालुक्यातली, शिक्षणासाठी पुण्यात राहणारी. तिने विचारले, "दादा, बारा दिवस झाले. मग घोड्यांनी खाल्लं काय?"

४/
मी नियमांचे पुस्तक उघडले. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जनावराच्या एका दिवसाच्या खाद्याची नोंद आहे : वजन १० पौंड, किंमत तांब्याची ५ नाणी. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "घ्या, प्रत्येकाच्या पिशवीतून थोडी नाणी वजा करा." ती म्हणाली, "पैसे कोणाला दिले? घाटात दुकान होतं का?" सगळे हसले. मीही हसलो, पण तो प्रश्न घरी माझ्याबरोबर आला.

५/
आधी आकडा तपासू. १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो. अमेरिकेच्या यादवी युद्धात संघराज्याच्या सैन्यात घोड्याचा नेमून दिलेला रोजचा शिधा होता १४ पौंड वाळलेले गवत आणि १२ पौंड दाणा, म्हणजे एकूण २६ पौंड. खेळातला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरी तो अगदीच निराधार नाही. तो केवळ दाण्याचा आकडा मानला तर जवळपास जुळतो. उरलेले गवत कुठून आले, एवढेच पुस्तक सांगत नाही. आणि इतिहासातले बरेचसे नाट्य त्या उरलेल्या गवतातच दडलेले आहे.

६/
घोड्याला इतके का लागते? साधारण हिशेब असा की घोडा रोज आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा खातो. चारशे किलोच्या घोड्याला आठ किलो. मेहनत असेल तर त्याहून अधिक. पाणी रोज पंचवीस-तीस लिटर. उन्हाळ्यात आणि दौडीनंतर आणखी. शिवाय घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्याला थोडे थोडे, पण सतत खावे लागते. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे बारा तास आणि त्याहून अधिक वेळ चरतच असतो.

७/
आता अडचण पाहा. जो घोडा दिवसभर स्वाराला घेऊन चालतो, तो चरणार केव्हा? वेळ वाचवण्यासाठी त्याला दाणा द्यायचा, कारण दाण्यात थोडक्यात पुष्कळ ताकद असते. पण केवळ दाण्यावर घोडा जगत नाही. उपाशी घोड्यापुढे एकदम दाण्याची रास ओतली तर पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे अशा पोटशुळाने तो मरूही शकतो. म्हणजे दाणा हवा, गवतही हवे आणि दोन्हींसाठी वेळ हवा. जोरदार दौडीनंतर रात्रभर विसावा आणि सकाळी पुन्हा ताजातवाना, हा कल्पित घोडा आहे.

८/
आपल्या भाषेने हे सगळे शब्दांत जपून ठेवले आहे. घोड्याच्या दाण्याच्या नेमलेल्या वाट्याला 'चंदी' म्हणतात. चंदीत मुख्यतः हरभरा. कुठे कुळीथ म्हणजे हुलगा. दाणा भरून घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी म्हणजे 'तोबरा'. आपण माणसाने तोबरा भरला म्हणतो, तेव्हा आपल्याला ती पिशवी आठवतही नाही. आणि अडलेले काम पुढे सरकावे म्हणून लाच देणे म्हणजे 'चंदी चारणे'. दाण्याशिवाय काहीच हलत नाही, हे ज्यांनी रोज पाहिले त्यांच्याच तोंडून हा वाक्प्रचार आला असणार.

९/
मी वही घेऊन बसलो. जथ्यात चार घोडे. खेळाच्याच हिशेबाने प्रत्येकी १० पौंड दाणा, बारा दिवस : ४८० पौंड. डोंगरी वाटेवर एक खेचर दीर्घ प्रवासात साधारण २०० पौंड ओझे नेईल असे धरू. मग तीन खेचरे पुरतील? नाही, कारण खेचरही खाते. बारा दिवसांत ते १२० पौंड स्वतःच फस्त करील. घोड्यांसाठी उरले ८० पौंड. म्हणजे चार घोड्यांच्या दाण्यासाठी सहा खेचरे, आणि त्यांना हाकणारी माणसे वेगळी. त्या माणसांच्या भाकरीचा हिशेब अजून मांडलेलाच नाही.

१०/
हेच गणित पुढे नेले की भिंत लागते. २०० पौंड ओझे आणि रोजचे १० पौंड खाणे, म्हणजे विसाव्या दिवशी खेचराने पाठीवरचे सगळे धान्य खाऊन संपवलेले असते. त्यापलीकडे हजार खेचरे जोडली तरी उपयोग नाही. प्रत्येक जण स्वतःपुरतेच नेतो. हा नियम सिकंदराच्या सैन्याला लागू होता, मोगलांना होता आणि आपल्या चार स्वारांनाही आहे. म्हणून वैरण पाठीवर वाहून नेण्याच्या भरीस कोणी पडत नसे. दाणा जमेल तेवढा बरोबर, गवत वाटेवरचे. सैन्य ज्या मुलखातून जाई त्या मुलखावरच जगे.

११/
या भिंतीला एक खिंड होती : बैल. बैल रवंथ करतो. भराभर चरून घेतो आणि मग बसल्या जागी चघळत राहतो. वाटेवरच्या जाड्याभरड्या गवतावर तो निभावतो, त्यामुळे पाठीवरच्या धान्याला त्याला तोंड लावावे लागत नाही. चाल मंद, पण ओझे शाबूत. बंजारा-लमाणांचे तांडे याच गुणावर उभे होते. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्य लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीचे सैन्यही धान्यासाठी याच तांड्यांवर विसंबून होते.

१२/
तेव्हा सूत्रधारांनो, तुमच्या कल्पित राज्यात मोठे सैन्य हलत असेल तर त्याच्या मागेपुढे असा तांडा असलाच पाहिजे. तो कोणाचा आहे, तो कोणाला धान्य विकतो, पावसाने नदी फुगली तर तो कोणत्या काठावर अडकतो, हे प्रश्न एखाद्या जादूच्या तलवारीइतकेच कथेला वळण देऊ शकतात.

१३/
आता आपल्या घरचा दाखला. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. ती सभासद बखर. तीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी. हे बहुतेकांना पाठ असते. आपण घाईने ओलांडतो ती ओळ पुढची आहे : दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद.

१४/
पखालजी म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारा. पंचवीस घोड्यांना प्रत्येकी तीस लिटर धरले तर रोजचे साडेसातशे लिटर पाणी होते. जिथे ओढा हाताशी आहे तिथे घोडे पाण्यावर नेता येतात. जिथे नाही, तिथे पाणी घोड्यांकडे आणावे लागते. हा माणूस पटावर नेमलेला होता. आमच्या जथ्याकडे तलवारबाज होता, जादूगार होता, कुलपे उघडणारा होता. पाणी आणणारा कोणीच नव्हता.

१५/
त्याच बखरीत पावसाळ्याची व्यवस्था आहे. पावसाळ्यात लष्कराने आपल्या मुलखात छावणीला यावे. तिथे दाणा, रतीब, औषधे आधीच तयार असावीत. घोड्यांच्या पागा आणि माणसांची घरे गवताने शाकारलेली असावीत. दसरा झाला की कूच करावे आणि आठ महिने बाहेर राहावे. पाठ्यपुस्तकात आपण हे मोहिमांचे वेळापत्रक म्हणून वाचतो. मला त्यात आता गवताचेही वेळापत्रक दिसते. दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरलेला असतो, वाटा सुकू लागतात, रानात गवत उभे असते आणि शेतात खरीप हाती येत असतो. नेमके तेव्हाच घोडे बाहेर पडतात.

१६/
बारगीर आणि शिलेदार हा भेदही इथेच कळतो. बारगिराचा घोडा सरकारी, त्याची चंदी सरकारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला तर स्वाराची उपजीविकाच गेली. आपल्या खेळातली बहुतेक पात्रे शिलेदार असतात. तरीही ती घोड्याला निर्धास्तपणे अजगराच्या गुहेच्या तोंडाशी बांधून आत जातात. खऱ्या शिलेदाराने आधी गुहेकडे पाहिले असते, मग घोड्याकडे, आणि कदाचित तो माघारी फिरला असता.

१७/
आणि आता ते पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेले. चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी ते पाठवले. आपण या पत्रातली एखाददुसरी ओळ समाजमाध्यमांवर पाहिलेली असते, बहुधा भगव्या पार्श्वभूमीवर. मी ते प्रथमच सबंध वाचले, आणि वाचले तेही एका खेळाच्या नादाने.

१८/
पत्राचा आशय असा. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा-वैरणीचा साठा लष्कराच्या मुक्कामामुळे आधीच खर्ची पडला आहे. कारकुनांकडून आणि गडांवरून मोठ्या कष्टाने नवी बेगमी केली आहे. आज समोर आहे म्हणून वाटेल तसा दाणा आणि गवत मागून घ्याल, तर ऐन पावसाळ्यात ते संपेल. मग घोडे उपाशी मरू लागतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल. म्हणून पावसाळा सरेपर्यंत पुरेल अशा बेताने घ्या.

१९/
इथवर हे कुशल कोठावळ्याचे पत्र आहे. पुढच्या ओळींत ते निराळे होते. साठा संपला की तुम्ही विलातीला, म्हणजे त्या मुलखातल्या रयतेला, त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही मग गाव सोडून जातील; कित्येक उपाशी मरतील. त्यांना वाटेल, याहून मोगल बरे. सैन्याला पैसा दिलेला आहे; ज्याला जे हवे ते त्याने बाजारात जाऊन विकत घ्यावे.

२०/
आणि शेवटी आगीची ताकीद. गवताच्या गंज्यांजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात घेऊन जाईल. गवत जळाले तर मग कुणब्यांच्या माना कापल्या तरी एक काडी मिळणार नाही. राजा एका उंदराचा विचार करतो आहे. त्या उंदराच्या तोंडातल्या वातीपासून पागा बुडण्यापर्यंतची सगळी साखळी त्याला दिसते आहे.

२१/
पत्र वाचून संपले तेव्हा बहिणीचा प्रश्न मला पहिल्यांदा पुरता कळला. घोड्यांनी खाल्ले काय, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : घोड्यांनी खाल्ले कोणाचे? घाटात दुकान नव्हते. मग ते गवत कोणाच्या तरी बांधावरचे होते, तो दाणा कोणाच्या तरी कणगीतला होता. मी "बारा दिवसांनी" म्हणालो आणि त्या दोन शब्दांत एक अख्खे खोरे गिळून टाकले.

२२/
बेगमी तुटली की काय होते, याचा आपल्या इतिहासातला सर्वांत दारुण दाखला पानिपताचा. १७६० च्या हिवाळ्यात मराठ्यांची छावणी पानिपतावर अडकली. लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचा मोठा समुदाय होता, यात्रेकरूही होते. अब्दालीने दिल्लीकडची वाट अडवली. मागून रसद पोहोचवण्यासाठी झटणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत माणसे उपाशी, घोडे उपाशी. १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले ते आता उपासमारीने मरण्यापेक्षा लढून काय तो निकाल लावू या निर्धाराने. त्या दिवसाच्या डावपेचांवर आपण अजूनही वाद घालतो. त्या घोड्यांच्या पोटात काय होते, हे त्या वादात क्वचितच येते.

२३/
पुढच्या रविवारी मी सर्वांची माफी मागून तो प्रवास पुन्हा खेळायला घेतला. ऋतू ठरवला : पावसाळा संपत आलेला. दाणा ठरवला : सहा दिवसांचा, कारण खेचर एकच. रोजची मजल कमी केली. घोड्यांना चरायला पाच-सहा तास द्यायचे, नाहीतर दुसऱ्या दिवशी चाल मंदावणार. सातव्या दिवशी दाणा संपला. नवव्या दिवशी एक घोडा लंगडू लागला. नालबंद अर्थातच नव्हता. दहाव्या दिवशी घाटाच्या पायथ्याला एक वस्ती लागली. एक म्हातारी, दोन बैल आणि कडब्याची एक गंजी.

२४/
आमच्या तलवारबाजाने सोन्याचे नाणे पुढे केले. म्हातारीच्या वतीने मी म्हणालो, "बाबा, सोनं माझे बैल खात नाहीत. पुढचं पीक यायला अजून अवकाश आहे. ही गंजी गेली तर पेरणीला औत कोण ओढणार?" जादूगार म्हणाला, निम्मी गंजी घेऊ. एकाने हळूच सुचवले, रात्री घेऊ. फासे हातात घेऊन तो माझ्याकडे पाहत होता. चोरी साधली की नाही ते फाशावर ठरणार होते. टेबलाभोवती एकदम शांतता झाली. तीन महिन्यांत आम्ही राक्षस मारले होते, किल्ले घेतले होते. एवढी शांतता कधी झाली नव्हती.

२५/
मग बहीण बोलली. पात्र म्हणून नव्हे, स्वतः. २०१२-१३ च्या दुष्काळात ती लहान होती. घरची वैरण संपली आणि जनावरे चारा छावणीत न्यावी लागली. तिचे वडील जनावरांबरोबर छावणीतच राहत; ती आईबरोबर डबा घेऊन जाई. जाण्याआधी घरात रोज एकच बोलणे चाले : गंजी किती दिवस पुरेल? "गंजीकडे बघून दिवस मोजतात, दादा," ती म्हणाली. "आम्ही मोजले आहेत."

२६/
फासे कोणी टाकले नाहीत. जथ्याने म्हातारीकडे दोन दिवस मुक्काम केला. घोडे ओढ्याकाठच्या हिरवळीवर सोडले, डोंगरउतारावरचे उभे गवत कापून आणले, त्यातले निम्मे तिच्या गोठ्यात टाकले. लंगडा घोडा तिथेच ठेवला आणि एक जण पायी निघाला. खोऱ्यात पोहोचायला त्यांना उशीर झाला. ज्या सरदाराला वाचवायचे होते तो पकडला गेला. त्याचे परिणाम आम्ही अजून खेळतो आहोत. तो जथा मात्र पहिल्यांदा मला खरा वाटला.

२७/
सूत्रधारांसाठी व्यवहाराचे चार शब्द. प्रत्येक पौंडाचा हिशेब ठेवू नका. खेळाची खतावणी होईल. तीनच गोष्टी कागदावर लिहा. पहिली : ऋतू आणि रान, म्हणजे वाटेवर गवत आणि पाणी आहे की नाही. दुसरी : बरोबर किती दिवसांचा दाणा आहे. तिसरी : दाणा संपेल तिथे जवळचा चारा कोणाचा आहे. पहिल्या दोन गोष्टींना दिवसातून अर्धे मिनिट पुरते. तिसरीतून अख्खा रविवार निघतो.

२८/
कल्पित वाहनांनाही हाच न्याय लावा. हत्तीएवढे जनावर असेल तर खऱ्या हत्तीकडे पाहा : रोजचा दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी. एका जागी तो फार दिवस बांधता येत नाही. गरुडसिंह मांसाहारी असेल तर त्याला रोज मांस हवे. वाटेवरच्या धनगराच्या कळपातली एक मेंढी आज गेली, एक उद्या गेली, तर तो धनगर तुमच्या वीरांबद्दल पुढच्या गावात काय सांगेल? राजघराण्याचे घोडे असतील तर थाट दाखवा. 'ऐन-ए-अकबरी'त शाही घोड्यांच्या खुराकात दाण्याबरोबर साखर आणि तूपही आहे. एखाद्या राजधानीतली विषमता दाखवायला तेवढे तूप पुरे.

२९/
आणि जे हा खेळ खेळत नाहीत, केवळ इतिहास वाचतात, त्यांच्यासाठी : पुढच्या वेळी एखाद्या मोहिमेचे वर्णन वाचताना "सैन्य अमुक दिवसांनी तमुक ठिकाणी पोहोचले" हे वाक्य आले की क्षणभर थांबा. महिना कोणता होता पाहा. नदीला पाणी असेल का, ज्वारी उभी असेल की काढलेली, वाटेवर गावे किती, याचा अंदाज घ्या. नकाशावरची ती बाणाची रेघ कोणाच्या तरी शेतातून गेलेली असते. चिपळूणच्या पत्राच्या कर्त्याला ती शेते दिसत होती, म्हणून ते पत्र साडेतीनशे वर्षांनंतरही ताजे वाटते.

३०/
जाता जाता एक विनंती. दाणा, वैरण, कडबा, गंजी, गोठा, नालबंदी यांच्याशी संबंधित जे शब्द तुमच्या घरी, तुमच्या भागात वापरतात, ते खाली लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहिलेत तर उत्तम. बहीण म्हणते, तिच्याकडे त्यांची भली मोठी यादी आहे. पण आधी तुमची पाहायची आहे. येत्या रविवारी म्हातारीच्या वस्तीवर लंगडा घोडा परत आणायला जायचे आहे. येताना खेचरावर कडबा लादून न्यायचा, असे चौघांनी मिळून ठरवले आहे.

(धागा समाप्त.)